सिन्याकच्या बंदरात जलरंगाचे धडे

जलरंग शिकणाऱ्याचा हात सर्वांत आधी अडतो तो पांढऱ्यापाशी. तैलरंगात पांढरा शेवटी वरून लावता येतो. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. तो सुरुवातीपासून राखावा लागतो. हे राखणं शिकायला पॉल सिन्याकच्या बंदरचित्रांची नक्कल करण्यासारखा दुसरा चांगला मार्ग मला दिसत नाही.

सिन्याक (१८६३–१९३५) हा उत्तर-दृक्प्रत्ययवादी काळातला फ्रेंच चित्रकार आणि हाडाचा दर्यावर्दी. जॉर्ज सराच्या साथीने त्याने रंगबिंदूंची पद्धत रुजवली: रंग पॅलेटवर कालवायचे नाहीत, शुद्ध ठिपके शेजारी-शेजारी ठेवायचे. सरा १८९१ मध्ये गेला. पुढच्या वर्षी सिन्याक आपल्या शिडाच्या होडीतून भूमध्य समुद्रावरच्या सँ त्रोपे गावी पोहोचला आणि त्याच सुमारास जलरंगाकडे वळला. ठिपक्यांचं तैलचित्र फार वेळखाऊ. बंदरातली शिडं मात्र कुणासाठी थांबत नाहीत. ती पटकन टिपायला जलरंग कामी आले. १९२९ पासून त्याने फ्रान्समधल्या बंदरांची मोठी जलरंग मालिकाच केली.

नक्कल करायला सँ त्रोपेच्या धक्क्याचं एखादं जलरंगचित्र निवडावं. कागद ३०० जीएसएमचा, थोडा खरबरीत घ्यावा. आधी हातभर अंतरावरून डोळे किलकिले करून मूळ चित्र पाहावं आणि एकाच रंगात त्याची छोटी छायाप्रकाशाची चौकट काढावी. मग पेन्सिल. सिन्याकची रेघ सैल असते आणि रंगाखालून शेवटपर्यंत दिसत राहते. आकार रेघेने धरलेला असल्यामुळे रंगाला काठापर्यंत जाण्याची सक्ती उरत नाही.

रंग भरण्याआधी पेटीतून काळा आणि तपकिरी बाजूला ठेवावेत. या चित्रकारांनी मातकट रंग वर्ज्यच केले होते. नारिंगी शिडाशेजारी निळी सावली ठेवली की दोन्ही उजळतात. शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये हा परिणाम मांडला होता. पण हेच दोन पट्टे ओले असताना एकमेकांना भिडले तर गढूळ राखाडी होते. म्हणून दोन पट्ट्यांमध्ये कागदाची बारीक फट सोडावी किंवा पहिला पट्टा पूर्ण वाळू द्यावा. त्या फटींतूनच चित्रात ऊन येतं. नवशिक्याला त्या बुजवायची घाई होते, आणि सगळ्या बुजल्या की बंदर मलूल पडतं.

पाण्यासाठी आडवे, तुटक फटकारे. डोलकाठीचं प्रतिबिंब सरळ तिच्याखालीच पडतं; लाटांमुळे ते तुटतं आणि आपल्या दिशेने लांबतं. उजळ वस्तूचं प्रतिबिंब सहसा किंचित गडद असतं, गडद वस्तूचं किंचित फिकं. एवढं सांभाळलं तरी पाणी पाण्यासारखं दिसू लागतं.

छापील चित्रातल्या किंवा पडद्यावरच्या नेमक्या छटेमागे लागू नये. ती मुळात वेगळी असू शकते. उजेड कुठे राखलाय, रंग कोणाच्या शेजारी बसलाय, हे पाहावं. नक्कल पुरी झाली की मूळ चित्र मिटून तेच बंदर पुन्हा काढावं. दुसऱ्या कागदावर न बघता जितक्या फटी आपोआप सुटतील, तितकं सिन्याककडून आपण शिकलो.