बर्फाखालचे गवत

हिमवादळ अकस्मात येते. परंतु त्यापाठोपाठ होणारा विनाश अकस्मात असतोच असे नाही. मंगोलियातील पशुपालक ज्या आपत्तीस 'झुद' म्हणतात, तिची चाहूल पुष्कळदा उन्हाळ्यातच लागते. २००९ साली तेथे पाऊस अपुरा झाला. गवत खुरटले, जनावरे खंगली. पुढे हिवाळ्यात त्या गवतावर बर्फाचे थर साचले आणि ८० लाखांहून अधिक जनावरे दगावली. कळप गमावलेली अनेक कुटुंबे राजधानी उलानबातरच्या वेशीवर तंबू ठोकून मजुरी शोधू लागली. २००६ साली तेथे पशुविम्याची योजना सुरू झाली, हे स्तुत्यच होय. परंतु विम्याने मेलेला कळप उठत नाही. आमच्या मते, खरे साहाय्य बर्फ पडण्यापूर्वी पोचलेल्या चाऱ्यात आहे. त्यानंतरचे ते केवळ सांत्वन होय.