भात चिकट का होतो?

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडचे ‘रत्नागिरी २४’चे बी संपले. शिरगावच्या संशोधन केंद्राने काढलेली ही जात. तेव्हा वडिलांनी दुकानातून दुसरेच बी आणले. त्याचा भात शिजला तो गिच्च गोळा. आजीने आईला बोल लावला, ‘पाणी जास्त घातलंस.’ आई गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी तिने पाणी मोजून घातले, तरी भात तसाच!

मी कलाशाखेची. घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. तरी विज्ञानाच्या अंगणात शिरण्याची ही आगळीक प्राध्यापकवर्ग पोटात घालील, अशी आशा आहे.

तांदळात दोन तऱ्हेचे पिष्ट असते, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोज भरपूर असले की भात मोकळा, कमी असले की चिकट. दाण्यात दूध भरत असताना अमायलोज बनवणारे एक प्रथिन लागते. त्याची कृती ‘वॅक्सी’ नावाच्या जनुकात लिहिलेली असते.

आता गंमत पाहा. तासाला आपण सरांचे बोलणे विषयांतरासकट उतरून घेतो. पक्की वही करताना विषयांतर गाळतो आणि उरलेले सांधतो. (सर रागावणार नाहीत ना?) पेशीही हेच करते. जनुकाची आधी आरएनए ही कच्ची नक्कल निघते. मग तिच्यातले नको ते तुकडे कापून बाकीचे जोडले जातात. हे स्प्लायसिंग १९७७ साली उजेडात आले आणि त्याबद्दल शार्प व रॉबर्ट्स यांना १९९३ साली नोबेल मिळाले.

कापायचा तुकडा कुठे सुरू होतो, याची खूण जनुकात ‘जी’ आणि ‘टी’ या दोन अक्षरांची असते. जपानी तांदळाच्या वॅक्सी जनुकात पहिल्याच तुकड्याच्या खुणेतला ‘जी’ जाऊन तिथे ‘टी’ आला आहे. एवढ्याने कापणारा गोंधळतो. पुष्कळ नकला विषयांतरासकट राहतात, काही भलत्याच जागी कापल्या जातात. प्रथिन थोडे बनते आणि अमायलोज शेकडा १५ ते २० वर थांबते. आपल्याकडच्या बऱ्याच जातींत खूण शाबूत असते, त्यांत ते २५ च्याही वर जाते. आणखी नवल म्हणजे दाणा भरताना हवा गार असली, तर बिघडलेल्या खुणेवरही कापणी बरी होते आणि अमायलोज वाढते.

सारेच खापर जनुकावर फोडू नये. नवा तांदूळ चिकट, जुना मोकळा, हे आजीचे म्हणणे खरेच आहे. पण आमचा तांदूळ वर्षभर कणगीत राहूनही चिकटच होता.

हे सारे आईला सांगितले. ती म्हणाली, ‘मग माझ्या हाताचा दोष नाही ना? सांग तुझ्या आजीला.’

सांगितले. ‘आजी, तांदळात एक अक्षर बदललंय.’

आजी सुपातले खडे वेचत होती. म्हणाली, ‘तांदळात कसली गो अक्षरं?’