जुन्या मोटारीच्या खिडक्यांवरील बाह्य पट्ट्या काढणे

जुन्या मोटारीच्या खिडक्यांवरील बाह्य पट्ट्या काढणे ही मोटारीच्या जीर्णोद्धारातील आरंभीची प्रक्रिया होय. काचेच्या कडेने बसवलेल्या चकाकत्या धातूच्या पट्टीला गॅरेजमध्ये बहुधा 'बीडिंग' म्हणतात. पट्टीखालचा गंज शोधणे, झिजलेले रबर बदलणे आणि रंगकामासाठी पत्रा मोकळा करणे, हे या प्रक्रियेचे हेतू आहेत.

पार्श्वभूमी

मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने तयार केलेल्या फियाट ११०० व प्रीमियर पद्मिनी, तसेच उत्तरपाडा येथील हिंदुस्तान अँबॅसिडर या भारतातील परिचित जुन्या मोटारी होत. पद्मिनीचे उत्पादन एकविसाव्या शतकाच्या आरंभी थांबले. अँबॅसिडरचे २०१४ मध्ये. त्यामुळे मूळ पट्ट्या प्रामुख्याने भंगारातील मोटारींमधूनच मिळतात. वाकलेली पट्टी पूर्ववत करणे कठीण असल्याने काढतानाची काळजी महत्त्वाची ठरते.

हवामानाचा परिणाम

चंद्रपूर व १९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या जिल्ह्यांत हवामानाची दोन टोके आढळतात. चंद्रपूरला उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो, तर गडचिरोलीत पावसाळा जोरदार असतो. उन्हाने रबर कडक होऊन त्याला भेगा पडतात आणि त्या भेगांतून पावसाचे पाणी आत शिरते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या मोटारीच्या खाचांत पालापाचोळा, तर कोळसा खाणींच्या परिसरात बारीक धूळ साचते. ही ओलसर माती पत्र्याला चिकटून राहिल्याने बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या पट्टीखाली गंज वाढत जातो.

पद्धत

प्रथम कडेची धूळ धुऊन काढतात, प्रत्येक पट्टीचे छायाचित्र घेतात आणि तिच्या मागे जागा व दिशा नोंदवतात. लगतच्या रंगावर कागदी चिकटपट्टी लावतात. दारावरील पट्टी काढताना काच पूर्ण खाली घेतात. दाराच्या कडेला किंवा आतील अस्तराखाली लपलेले स्क्रू आधी शोधणे आवश्यक असते. ते राहून गेल्यास पट्टी हमखास वाकते.

त्यानंतर लाकडी वा प्लॅस्टिकची पाचर सांध्याजवळ सरकवून प्रत्येक क्लिपजवळ पट्टी थोडी थोडी उचलतात. एक टोक धरून ती ओढत नाहीत. लोखंडी पेचकसाने रंग खरवडला जातो व पट्टीला खाच पडते. स्टेनलेस स्टीलची पट्टी काही प्रमाणात सरळ करता येते. ॲल्युमिनियमची मात्र सहज वाकते.

समोरची व मागची काच रबरी चौकटीत बसवलेली असते. काही मोटारींत त्या रबराच्या खाचेतच चकाकती पट्टी अडकवलेली असते. रबर मऊ असल्यास साबणाचे पाणी पुरते. ते कडक झाले असेल व नवे उपलब्ध असेल, तर जुने रबर पात्याने कापणे श्रेयस्कर; रबर जाते, पण पट्टी व काच वाचते. उन्हात तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतल्यास ती तडकू शकते, म्हणून विदर्भातील उन्हाळ्यात हे काम सकाळी सावलीत करणे योग्य. पट्टीच्या आतील कडा धारदार असल्याने हातमोजे आवश्यक असतात.

काढल्यानंतर

काढलेल्या पट्ट्या सरळ लाकडी फळीला बांधून ठेवतात. गंज घासून स्वच्छ केल्यावर पत्र्यावर प्रायमर देतात. पत्र्याला भोके पडली असतील तर आधी वेल्डिंग करावे लागते. क्लिपांची छिद्रे सांधून, दाराच्या तळाची पाणी निचऱ्याची छिद्रे मोकळी करून मगच नव्या रबरासह पट्ट्या बसवतात. शेवटी काचेवर पाणी सोडून गळती तपासतात. ही तपासणी पावसाळ्यापूर्वी झालेली बरी.

मूळ स्वरूपाचे महत्त्व

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या आणि मूळ स्वरूपात जतन केलेल्या वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू शकते. सांगाड्यात वा बाह्य कवचात मोठे फेरफार केलेली वाहने त्यात बसत नाहीत. गंजाने कवच खाल्ले जाण्यापूर्वी त्याचा शोध घेणे, हा म्हणूनच पट्ट्या काढण्यामागील सर्वांत महत्त्वाचा लाभ ठरतो.

हेही पहा

प्रीमियर पद्मिनी
हिंदुस्तान अँबॅसिडर
गंज