न लावलेल्या हीटरची नळी

पुण्यात मोटारीतला हीटर वर्षभरात किती दिवस लागतो? डिसेंबर-जानेवारीतल्या चार-दोन पहाटा सोडल्या, तर बहुतेकांना त्याची आठवणही होत नाही. म्हणून जुन्या गाडीची देखभाल करताना टायर, ब्रेक, बॅटरी पाहिली जाते. हीटरच्या दोन रबरी नळ्या मात्र तशाच राहतात. हीटर बंद म्हणजे नळ्यांना काम नाही, असा आपला समज असतो. बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत तो चुकीचा आहे.

हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला एक लहान रेडिएटर. इंजिन थंड ठेवणारे पाणीच गरम होऊन एका नळीने त्यात येते व दुसरीने परत जाते. काही गाड्यांत ते तोटीने अडवता येते. अनेक गाड्यांत मात्र ते सतत फिरत असते. आपण कळ सरकवतो तेव्हा फक्त हवेची झडप हलते. तोटी असली, तरी इंजिनपासून तोटीपर्यंतच्या नळीला उष्णता आणि दाब चुकत नाहीत. ही बोटभर जाडीची नळी फाटली, की खंबाटकीच्या चढावर सगळे पाणी काही मिनिटांत रस्त्यावर येते. गंमत अशी, की पाणी पूर्ण निघून गेले तर तापमानाचा काटा कधीकधी खाली येतो, कारण संवेदक आता पाण्यात नसतो! इंजिन मात्र तापतच असते.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे, त्यामुळे उघड्या भांड्यातले पाणी येथे ९८ अंश सेल्सियसच्या आसपास उकळते. गाडीतली व्यवस्था प्रेशर कुकरसारखी असते. झाकणाच्या स्प्रिंगने ०.९ बार जादा दाब राखला, तर उत्कलनबिंदू ११८ अंशांच्या जवळ जातो. आता समजा, ११५ अंशांवरच्या पाण्याचे झाकण कोणी उघडले. ९८ अंशांवर येताना १ किलो पाणी सुमारे ७१ किलोजूल उष्णता सोडते. १ किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोजूल लागतात. म्हणजे जवळजवळ ३० ग्रॅम पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती ५० लिटर जागा मागते! गरम इंजिनाचे झाकण उघडू नये ते यासाठी. हे गणित नववी-दहावीच्या मुलांना जरूर द्यावे.

हा दाब पेलणारे रबर कालांतराने थकते. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबर गंधकासह तापवून त्याच्या लांब रेणूंत पूल बांधण्याची युक्ती शोधली. उष्णता आणि ऑक्सिजनमुळे पुढे असेच नको असलेले पूल वाढत जातात व नळी कडक होते. नैसर्गिक रबराच्या साखळीतल्या दुहेरी बंधांवर हवेतला ओझोन घाला घालतो. दोन सारखे रबरबँड ताणून खिळ्यांवर लावा; एक सावलीत उघडा ठेवा, दुसरा घट्ट झाकणाच्या बरणीत. तिसरा न ताणता उघड्यावर ठेवा. काही दिवसांनी भिंगातून पाहिल्यास पहिल्यावर ताणाच्या काटकोनात चिरा दिसतील. आजच्या बऱ्याच नळ्या ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या असतात. त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसल्याने ओझोनचे फारसे चालत नाही; पण इंजिनचे तेल लागले, की ते फुगते.

आणखी एक कारण आम्हांला विशेष रंजक वाटते. धातूचे तोंड, कूलंट आणि कार्बनची काजळी मिसळलेले रबर यांचा मिळून एक विद्युतघट तयार होतो. त्याने नळी आतून, विशेषतः टोकांजवळ, बारीक चिरत जाते. बाहेरून ती अगदी ठणठणीत दिसते. म्हणून थंड इंजिनावर, क्लिपपासून दोन-तीन सेंटिमीटरवर नळी बोट आणि अंगठ्याने दाबून पाहावी. पूर्ण मुठीत धरली तर फरक कळत नाही. मग मधला भाग दाबावा. टोक मधल्या भागापेक्षा मऊ, पोकळ लागले, तर नळी बदलण्याची वेळ झाली. गाडीत गोडसर वास, काचेवर धुके, पुढचा गालिचा ओला, ही खुद्द हीटर गळत असल्याची लक्षणे.

बदलताना कूलंट भांड्यात काढावे. त्यातले एथिलीन ग्लायकॉल गोड पण विषारी असते, म्हणून ते गटारात किंवा उघड्यावर टाकू नये. चिकटलेली नळी पिळून ओढली, तर हीटरचे पातळ तोंड तुटते. ब्लेडने उभी चिरून सोलावी. नाना पेठेत नवी घ्यायला जाताना जुना तुकडा सोबत न्यावा, आतला व्यास तोच हवा. बागेची प्लॅस्टिक नळी चालत नाही, या तापमानाला ती लोळागोळा होते. बसवल्यावर कूलंट भरावे, हीटरची कळ गरमवर ठेवून इंजिन चालवावे, म्हणजे अडकलेली हवा निघते. थंड झाल्यावर पातळी व क्लिपा पुन्हा पाहाव्यात.

काढलेली जुनी नळी टाकू नका. उभी कापून आतला भाग वर्गात भिंगाखाली दाखवा. टोकाकडच्या उभ्या रेषा मुलांना स्वतः शोधू द्या.