बांगड्याच्या पहिल्या सहा तासांची गोष्ट

२०१८च्या जुलैत गोव्यात मासळीतल्या फॉर्मेलिनची, म्हणजे फॉर्मल्डिहाइडच्या द्रावणाची, धास्ती पसरली. पावसाळी मासेमारी बंदीमुळे ट्रॉलर किनाऱ्याला लागलेले, आणि सरकारने परराज्यांतून येणाऱ्या मासळीवरही काही दिवस बंदी घातली. त्याच सुमारास कोचीच्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने बाजारातच वापरता येईल अशी चाचणीपट्टी आणली होती. कागदी पट्टी माशाच्या अंगावर घासायची, वर रसायनाचे थेंब टाकायचे. रंग काही मिनिटांत सांगतो.

बोंबलाच्या बाबतीत मात्र नुसत्या रंगावर जाऊन चालत नाही. त्याच्या मांसात ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड भरपूर असतं. मासा मेल्यावर त्याच्याच अंगातलं एक विकर ते फोडतं आणि फॉर्मल्डिहाइड आपसूक तयार होतं. कोळणीने त्यात काहीही घातलेलं नसतं! कोणत्या माशात ते मुळातच किती असतं, हे आधी नीट मोजून ठेवलेलं असेल तरच भेसळीचा आरोप टिकतो. हे मोजण्याचं चिकाटीचं काम कुणाच्या नजरेत भरत नाही, पण त्यावाचून गरीब विक्रेतीवर अन्याय होईल.

मला स्वतःला फॉर्मेलिनपेक्षा जास्त काळजी वाटते ती हिस्टामिनची. बांगडा, तारली, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल मुबलक असतं. मासा मेला की कल्ल्यांतले आणि आतड्यातले जिवाणू मांसात शिरतात आणि उष्णतेत त्या हिस्टिडिनचं हिस्टामिन करू लागतात. असा बांगडा खाल्ल्यावर बऱ्याचदा तासाभरातच चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते, छाती धडधडते. घरचे म्हणतात, ‘मासे बाधले’, किंवा ॲलर्जी समजून आयुष्यभर बांगडा सोडतात. खरा दोष त्या एका माशाच्या हाताळणीत असतो. एकदा तयार झालेलं हिस्टामिन तळून, उकळून किंवा गोठवून जात नाही, आणि वासावरूनही ते हमखास ओळखता येत नाही. कल्ले लाल आणि डोळे टपोरे असले तरी खात्री नाही.

युरोपीय संघ अशा माशांच्या एका खेपेतून ९ नमुने घेतो. सरासरी किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आत लागते आणि एकही नमुना २००च्या वर चालत नाही. निर्यातीचा माल या कसोटीला उतरावा लागतो. दारावर पाटीतून येणारा बांगडा एवढ्या बारकाईने कोण तपासणार?

म्हणून सगळी भिस्त बोटीवर. हवा किंवा पाणी २८.३ अंश सेल्सिअसच्या वर असेल, तर मासा मेल्यापासून फार तर सहा तासांत बर्फात गेला पाहिजे, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचं मार्गदर्शन सांगतं. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्या किनाऱ्यावर पारा याच्या पुढेच असतो. लादी फोडून वर दोन तुकडे टाकून भागत नाही; बर्फाचा चुरा माशांच्या थराथरात पसरावा लागतो. छोट्या होडीवाल्याला तो बर्फ आणि थंडावा धरणारी पेटी परवडेल, एवढी तजवीज मासळीवरच्या संशोधनाच्या अंदाजपत्रकातच हवी.