आवाज बंद, हवा बंद

मे महिन्यात नागपुरात कुणी घरच्या स्टुडिओत गाणं रेकॉर्ड करायला बसलं, की आधी कूलर बंद करावा लागतो. मे 2013 मध्ये इथला पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा उन्हाळ्यात अर्धं शहर कूलरच्या भरवशावर दुपार काढतं. कूलरला मात्र उघडी खिडकी लागते. ओली हवा बाहेर पडायला वाट नसेल तर खोली गार होत नाही, दमट होते. रेकॉर्डिंगच्या खोलीला नेमकी ती वाटच नको असते. त्यात पंख्याची घरघर, पंपाची गुणगुण आणि पाण्याची टिपटिप माईक इमानेइतबारे टिपतो. कंडेन्सर माईकला दमटपणाही सोसत नाही, तो चरचरू लागतो.

ध्वनिरोधक बूथची सगळी अडचण इथेच आहे. आवाज हवेतून येतो, म्हणून जिथून हवा शिरते तिथून आवाजही शिरतो. 10 चौरस मीटरची एक भिंत घ्या, पन्नास डेसिबल आवाज अडवणारी. तिच्यात मीटरभर रुंदीचं दार बसवा आणि दाराखाली फक्त एक सेंटिमीटर फट ठेवा. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या मानाने ती फट हजारात एक भाग. पण तेवढ्यानं पन्नास डेसिबलची भिंत तीस डेसिबलवर येते. भिंत दुप्पट जड केली तरी कमाई साधारण सहा डेसिबलची, आणि एक फट वीस खाऊन जाते. म्हणून जाणकार स्टुडिओवाला आधी दाराचं रबर पाहतो.

अंड्यांच्या ट्रेची गंमत सांगायलाच हवी. भिंतीला ट्रे किंवा फोम चिकटवला की बाहेरचा आवाज थांबतो, ही समजूत गल्लोगल्लीच्या स्टुडिओंत अजून टिकून आहे. फोम खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज शोषतो. रस्त्यावरचा हॉर्न त्यातून खुशाल आत येतो. अंड्यांचे ट्रे तर घुमणंही धड कमी करत नाहीत. आवाज अडवायला वजन लागतं, शोषायला सच्छिद्र मऊपणा लागतो. ही दोन वेगळी कामं आहेत. भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइन यानं 1895 नंतर हार्वर्डमध्ये, एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडल्या आणि घुमण्याचं गणित बसवलं. शोषणाचा हिशेब तिथून सुरू झाला.

नागपूरला आकाशवाणी आली 16 जुलै 1948 रोजी, शहर मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी असताना. रेडिओच्या स्टुडिओची बांधणी म्हणजे वर सांगितलेल्या फटीशी मांडलेलं रीतसर युद्धच. आत जायला एकामागे एक दोन जड दारं आणि मध्ये छोटी मोकळी जागा. एक मिटल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. स्टुडिओ आणि कंट्रोल रूम यांच्यामधल्या खिडकीला दोन काचा असतात. त्यांची जाडी मुद्दाम वेगवेगळी ठेवतात, म्हणजे एकाच सुराला दोन्ही एकदम थरथरत नाहीत. मधल्या पोकळीत वाफ धरू नये म्हणून सिलिका जेल ठेवतात.

पण खरी करामत गार हवेची. स्टुडिओत हवा आणायची आणि तिचा आवाज बाहेरच ठेवायचा. वातानुकूलनाचं यंत्र दूर, वेगळ्या पायावर. नळीला यंत्राजवळ कॅनव्हासचा तुकडा जोडलेला, म्हणजे थरथर पुढे सरकत नाही. नळ्या आतून मऊ अस्तराच्या, वळणावळणाच्या आणि भल्या रुंद. रुंदीचं कारण साधं आहे: हवेचा वेग दुप्पट झाला की झोताचा आवाज पंधराएक डेसिबलनं वाढतो, म्हणून पुष्कळ हवा सावकाश सोडायची. असा स्टुडिओ महाग पडतो तो भिंतींपेक्षा या नळ्यांमुळे, असं माझं मत आहे.

निवेदकाच्या खोलीत आवाज सेकंदाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यात विरतो; संगीताच्या स्टुडिओत तो त्याहून बराच रेंगाळू देतात. नभोनाट्याला दोन्ही लागतं. श्रोत्याला शेतातलं किंवा माळरानावरचं संभाषण ऐकवायचं तर ते सगळ्यांत बंदिस्त, सगळ्यांत मुक्या खोलीत बोलावं लागतं, कारण माळावर आवाजाला परतवणारी भिंतच नसते. ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिणारे नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर आकाशवाणीतही होते, दूरदर्शनमध्येही. रंगमंच आणि माईक या दोन्हींत वावरलेल्या माणसाला हा उलटा हिशेब सहज उमगत असणार. दारव्हेकरांच्याच विदर्भात, पूर्वेकडे, झाडीपट्टीची नाटकं आजही उघड्यावर, रात्रभर रंगतात. तिथे गाणाऱ्या नटाला हजारोंची गर्दी उचलून धरते. बूथमध्ये त्याला स्वतःचा गळाही परका वाटेल. खोली काहीच परत देत नाही, म्हणून माणूस नकळत जोर लावतो. हेडफोन एका कानावरून सरकवून गाणारे गायक दिसतात, ते याचसाठी.

चित्रपटसंगीतात बूथची गरज निर्माण झाली ती ढोलकीमुळे म्हणा किंवा व्हायोलिनच्या ताफ्यामुळे. गायिका आणि वाद्यवृंद एकाच खोलीत असले की तिच्या माईकमध्ये सगळेच शिरतात. मग मागाहून तिचा आवाज वर आणायला जावं तर ढोलकीही वर येते. काचेच्या केबिननं हा गुंता सोडवला, पण एक गोष्ट हिरावलीसुद्धा. ‘महल’ (1949) मधलं ‘आएगा आनेवाला’ आठवा. खेमचंद प्रकाश यांच्या त्या गाण्यात आवाज दुरून जवळ यायला हवा होता. लता मंगेशकर खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माईकपर्यंत चालत आल्या. चार फूट बाय चार फुटांच्या केबिनमध्ये चालणार कुठे?

आणखी एक कोंडणं. पुणे आकाशवाणीवर 1 एप्रिल 1955 रोजी ‘गीतरामायण’ सुरू व्हायचं होतं आणि पहिल्याच गाण्याचा कागद सापडेना. तेव्हा आकाशवाणीचे सीताकांत लाड यांनी गीतकार गदिमांना रेकॉर्डिंगच्या खोलीत लेखनसाहित्यासह बंद केलं आणि पंधरा मिनिटांत गाणं पुन्हा कागदावर उतरलं, अशी कथा सांगतात. ध्वनिरोधक खोलीचा याहून चांगला उपयोग मला तरी ठाऊक नाही.

वाईट उपयोग मात्र ठाऊक आहे. 1955 मध्ये अमेरिकेत ‘द 64,000 डॉलर क्वेश्चन’ हा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम सुरू झाला आणि स्पर्धक काचेच्या बूथमध्ये उभा राहू लागला. प्रेक्षकांतून कुणी उत्तर पुटपुटलं तरी त्याला ऐकू जाऊ नये, ही हमी. पुढच्या वर्षी ‘ट्वेंटी-वन’ या तसल्याच कार्यक्रमानं तोच बूथ उचलला. त्यात हर्बर्ट स्टेम्पेल आणि चार्ल्स व्हॅन डोरेन घाम पुसत उत्तरं आठवायचे आणि देश श्वास रोखून बघायचा. उत्तरं दोघांनाही आधीच पुरवलेली होती. घाम तेवढा खरा, कारण बूथची गार हवा मुद्दाम बंद ठेवलेली असे, असं स्टेम्पेलनं मागाहून सांगितलं. नोव्हेंबर 1959 मध्ये व्हॅन डोरेननं अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे कबुली दिली. पण घाम काढण्याची त्या निर्मात्यांची युक्ती नागपूरकराला नवलाची वाटणार नाही.

साधा हिशेब करा. चार बाय चार फुटांचा, सात फूट उंच बूथ. आत हवा जेमतेम सव्वातीन घनमीटर. उभा माणूस सत्तर-ऐंशी वॅट उष्णता सहज त्या हवेत सोडतो. फोम उष्णताही बाहेर जाऊ देत नाही. भिंतींनी काहीच शोषलं नाही असं धरलं, तर तापमान मिनिटाला एक अंशाच्या आसपास चढतं. चार मिनिटांचं गाणं, तीन टेक, आणि बाहेर आधीच मे.

इलाज आहे. हवा आत घ्यायला आणि बाहेर सोडायला अस्तर लावलेली नागमोडी पेटी. पंखा पेटीच्या दूरच्या टोकाला, मोठा आणि मंद फिरणारा. आवाज प्रत्येक वळणावर अस्तरात मरत जातो, हवा वळसे घेत पोचते. आकाशवाणीच्या रुंद नळ्यांचंच हे घरगुती रूप. पण ही पेटी बरीच जागा खाते आणि भाड्याच्या खोलीत जागाच नसते. म्हणून बहुतेक ठिकाणी दुसरीच पद्धत चालते: टेक लागला की एसी बंद, टेक संपला की दार उघडून एसी सुरू, आणि पुन्हा खोली निवेपर्यंत गायकानं बाहेर बसायचं.