परदेशी शिकणारा मुलगा दुपारपर्यंत का झोपतो?

गेल्या डिसेंबरात एक बाई दवाखान्यात आल्या. ब्लडप्रेशर तपासून झाले, तरी उठेनात. मुलगा सप्टेंबरात ग्लासगोला एम.एस्सी.साठी गेलेला. "डॉक्टर, तो फार आळशी झालाय हो. दुपारपर्यंत झोपतो, लेक्चर बुडवतो. इथं असा नव्हता."

"फोन कधी करतो?"

"रोज सकाळी साडेआठला. आमच्या चहाच्या वेळी."

हिवाळ्यात तिकडचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे. म्हणजे पोरगा रात्री तीन वाजता जागाच होता!

वाचकहो, हा आळस नव्हे. ग्लासगोत डिसेंबरात पावणेनऊच्या सुमारास उजाडते आणि पावणेचारला सूर्य मावळतो. आपल्या शरीरातील झोपेचे घड्याळ उजेडावर चालते. दुपारी उठणाऱ्याला उजेड मिळतो जेमतेम दोन-तीन तास, तोही ढगाळ. मग रात्री डोळा लागत नाही. त्यात परकी भाषा, एकटी खोली, डोक्यावर बँकेचे कर्ज. घरी मात्र 'मी मजेत आहे' हेच सांगायचे. काहींना यातून खरे नैराश्य येते, आणि त्यावर उपचार आहेत.

मी बाईंना सांगितले, फोन आपल्या रात्री साडेनऊला करा. तिकडे चार वाजलेले असतात. जेवलास का, हे विचाराच. पण आज बाहेर पडलास का, हेही विचारा. ढगाळ असले तरी सकाळी अर्धा तास चालायला हवे. ड जीवनसत्त्व तिकडची सरकारी आरोग्यसेवा हिवाळ्यात रोज 400 युनिट घ्यायला सांगते. इथून साठ हजारांच्या गोळ्यांची पाकिटे बॅगेत कोंबू नका. (आपल्याकडे त्या चण्याफुटाण्यासारख्या खातात.)

मुख्य गोष्ट पुढेच. व्हिसाबरोबर या मुलांनी आरोग्यसेवेचे वर्षाला 776 पौंड भरलेले असतात. तरी कित्येकजण जवळच्या डॉक्टरकडे नावच नोंदवत नाहीत आणि तापाला औषध मला फोनवर विचारतात! नाव पहिल्याच आठवड्यात नोंदवावे. स्कॉटलंडात चिठ्ठीवरची औषधेही फुकट मिळतात. रात्री-बेरात्री 111 वर सल्ला मिळतो. 'जगून काय करू' असे शब्द कानावर आले, तर समजूत घालत बसू नका. त्याला फोनवर एकटे सोडू नका, शेजारच्या खोलीतल्या मित्राला उठवा आणि 999 लावायला सांगा.

जानेवारीत बाई पुन्हा आल्या. मुलाने नाव नोंदवले होते, डॉक्टरांची वेळही मिळाली होती. "आता संध्याकाळी बोलतो. परवा फोनवर रडला, डॉक्टर. चार महिन्यांत पहिल्यांदा."